फाल्गुनातले पुरण, चैत्रातले पन्हे

'पंचतारांकित' हा शब्द कानी पडताच झुंबरे, गालिचे आणि पदार्थांनी वाकलेली मेजे डोळ्यांपुढे उभी राहतात. कोल्हापुराहून महामार्गाने दक्षिणेस सुमारे 20 किलोमीटर गेले म्हणजे लागणाऱ्या कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत मात्र यांपैकी काहीएक नाही. तेथे फाउंड्र्या आहेत, सूतगिरण्या आहेत, यंत्रांचे सुटे भाग घडविणारे कारखाने आहेत. गेल्या फाल्गुनात, होळीच्या आदल्या दिवशी, तेथे नोकरीस असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास भेटण्याकरिता आम्ही फाटकाबाहेर उभे होतो. पाळी सुटली आणि माणसांचा लोंढा बाहेर पडला. आमचा विद्यार्थी आला तो एका हातात रिकामा डबा व दुसऱ्या हातात पिशवी घेऊन. पिशवीत हरभऱ्याची डाळ आणि गुळाची एक लहानशी ढेप होती. "सर, उद्या घरी या. आई पुरण घालणार आहे," तो म्हणाला.

इतिहास शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु त्या पिशवीतील दोन जिनसांचा इतिहास आम्ही वर्गात कधी सांगितला नव्हता, हे त्या वेळी ध्यानात आले. तो सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम गुळाचे पाहू. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त कोठारातील जिनसांची जी गणना केली आहे, तीत उसापासून होणारे पाच पदार्थ एकत्र सांगितले आहेत: फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. फाणित म्हणजे आपल्या काकवीसारखा दाट रस. पुढील नावांत रस अधिकाधिक आटत, स्वच्छ होत व कणीदार बनत जातो. या पाचांपैकी शेवटल्या दोघांनी जगाचा प्रवास केला. 'शर्करा' फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि युरोपास पोहोचून शुगर झाली. 'खंड' तिकडे कँडी होऊन बसला. गूळ मात्र घरीच राहिला. विद्वान परदेशी गेले म्हणजे शेतीवाडी पाहण्यास जो भाऊ गावी राहतो, त्याच्यासारखे गुळाचे झाले.

आता पोळीचे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्या काळी कोल्हापूर प्रांतावर राज्य करणारे शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक होते; तेव्हा हा ग्रंथ आपल्याच परिसरातला म्हणण्यास हरकत नाही. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे आहेत, पोळ्या आहेत, आणि आपल्या श्रीखंडाची पूर्वज जी शिखरिणी तीही आहे. बेळगावकडे आजही हाताच्या पंजांवर पीठ फिरवून मांडे करतात. ते पाहताना आठ-नऊ शतकांचे अंतर क्षणभर नाहीसे होते.

परंतु ग्रंथात राजाचे ताट दिसते. ते ज्या शेतातून आले ते शेत दिसत नाही. पुरणपोळी होळीलाच का, याचे उत्तर शेतात शोधले पाहिजे. पाऊस संपल्यावर पेरलेला हरभरा माघ-फाल्गुनात हाती येतो. गहूही त्याच सुमारास येतो. गुऱ्हाळे दिवाळीच्या मागेपुढे पेटतात आणि उन्हे तापू लागली म्हणजे विझतात. अर्थात फाल्गुनात नवा गूळ घरात आलेला असतो. डाळ, कणीक व गूळ या तिघांची गाठ वर्षात याच दिवसांत नवेपणी पडते. ज्वारीची भाकरी खाऊन वर्ष काढणाऱ्या कुटुंबास गव्हाची पोळी हीच मुळी सणाची वस्तू होती. पुढे चैत्र लागतो, कैऱ्या धरतात, आणि लगेच त्याच डाळीत कैरी पडून आंब्याची डाळ होते व त्याच गुळात कैरीचा गर कालवून पन्हे होते. पाडव्याला कडुनिंबाच्या पाल्याबरोबर वाटला जातो तोही गूळच. पंचांगाने नेमून दिलेले हे पदार्थ मुळात शेताने नेमलेले आहेत.

कोल्हापूरच्या बाबतीत या गुळाची कथा एका कागलकराशी जोडलेली आहे. कागलच्या घाटगे घराण्यात 1874 साली जन्मलेले यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू महाराज झाले. 1895 साली त्यांनी शाहूपुरी ही गुळाची पेठ वसविली. राधानगरीच्या धरणाचे कामही त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. पाणी वाढले तसा ऊस वाढला. बैलांच्या घाण्याच्या जागी लोखंडी चरक आला, चरकास ऑईल एंजिन जोडले गेले, आणि ती एंजिने दुरुस्त करता करता कोल्हापूरचे कारागीर स्वतःच एंजिने घडवू लागले. लोखंड ओतण्याची ती विद्या शिवाजी उद्यमनगरातून पसरत आज कागलच्या माळापर्यंत आली आहे. आमचा विद्यार्थी ज्या भट्टीपुढे आठ तास उभा राहतो, तिचे नाते गुऱ्हाळाच्या चुलवाणाशी आहे असे म्हटले तर ती केवळ कविकल्पना ठरू नये.

गुऱ्हाळावर गेलेल्यास ते काम विसरता येत नाही. भल्या मोठ्या काहिलीत रस उकळतो. भेंडीच्या चिकाने मळी वर येते ती काढून टाकतात. खाली चिपाडांचा जाळ चाललेला असतो. आणि रस नेमका कोणत्या क्षणी उतरवावा हे गुळव्या नजरेने ठरवितो. क्षण चुकला तर सारी काहील वाया. हे ज्ञान त्याने पुस्तकातून घेतलेले नसते. 1932 साली साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला, कारखाने वाढले, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. ऊस तिकडे वळला आणि गुऱ्हाळे एकेक करून विझू लागली. 2014 साली कोल्हापुरी गुळास भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. मान मिळाला हे चांगलेच झाले. परंतु कागदाने नावाचे रक्षण होते, गुळव्याची नजर मात्र दुसरा गुळव्या तयार झाला तरच टिकते.

घरातील विद्येचेही तसेच आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 साली निघाले, व कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' 1970 साली. 'रुचिरे'ने वाटी-चमच्याचे माप दिले व सासरी नवख्या असलेल्या, अथवा परगावी एकट्या पडलेल्या, कितीतरी मुलींस धीर दिला. तरीही डाळ किती शिजली म्हणजे कट निथळावा, पुरणात उलथने उभे राहिले की ते उतरवावे, कणीक किती सैल असावी, ही विद्या हातांतून हातांत गेली. आणि ज्या हातांतून गेली त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

त्यांपैकी दोन हात आम्ही पाहिले आहेत. आमच्या लहानपणी घरी वडिलांच्या आत्या होत्या. विशीच्या आत विधवा होऊन माहेरी परतलेल्या. होळीच्या दिवशी पहाटेपासून पाट्यावर पुरण वाटीत, आणि तसले मऊ पुरण आम्ही पुढे कोठेच खाल्ले नाही. चैत्रात घरी गौरीचे हळदीकुंकू होई. डाळ भिजविणे, वाटणे, कैऱ्या उकडून पन्हे करणे, सारे त्यांच्याकडे. मात्र पहिली सुवासिनी उंबऱ्यात आली की त्या मागील दारी जाऊन बसत. बाहेर अत्तर, गुलाबपाणी व हसणे, आत त्या. एकदा आम्ही पन्ह्याचा पेला घेऊन त्यांच्याकडे गेलो. "बाळा, आधी सगळ्यांचं होऊ दे," एवढेच त्या म्हणाल्या. तो पेला आम्हीच प्यायलो. त्याची लाज आज, पन्नाशी उलटल्यावर, अधिक वाटते.

वसंतातील साध्या सुखांविषयी गोड लिहिणे सोपे आहे. या सुखांत वाटा कोणाचा होता, हा प्रश्न इतिहासकाराने टाळता कामा नये. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात विधवापुनर्विवाहाचा कायदा केला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. कायदा झाला तरी मागील दार उघडे होते. 2022 च्या मे महिन्यात याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे आदी प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. एका गावाने जे बोलून दाखविले, ते आमच्यासारख्या शिकलेल्या घरांस सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही विद्यार्थ्याच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे घर. शेजारी उत्तर प्रदेशातून कामास आलेले एक कुटुंब. त्यांच्याकडून गुझियांची ताटली आली व तीच ताटली पोळ्या घेऊन परत गेली. विद्यार्थ्याच्या मातोश्रींनी कटाची आमटी वाढली, पोळीवर तूप सोडले. भिंतीवर त्यांच्या यजमानांची तसबीर होती, तिला हार होता. पुरण यंत्रातून काढलेले होते, पाट्यावरचे नव्हते. पण चांगले होते. आम्ही तसे म्हणालो.

निरोप घेताना त्या दारापर्यंत आल्या. "सर, चैत्रात वहिनींना पाठवा. यंदा हळदीकुंकू घालायचं म्हणते मी," त्या म्हणाल्या आणि किंचित थांबून आमच्याकडे पाहू लागल्या, जणू उत्तराची वाट पाहत होत्या.

"जरूर पाठवतो," आम्ही म्हणालो. "आणि पन्हे उरले तर थोडे आमच्याकरिताही धाडा."

त्या हसल्या. चैत्रात आमच्या घरून सौभाग्यवती तेथे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या ओटीत भिजवलेले हरभरे होते व हातात पन्ह्याची बाटली. पहिला पेला तेथे कोणी घेतला, असे आम्ही विचारले. "त्यांनीच," त्या म्हणाल्या; "आम्ही सगळ्याजणींनी मिळून तो त्यांना दिला."