हृदयातील नियोजित पेशीमृत्यू

हृदयातील नियोजित पेशीमृत्यू म्हणजे हृदयातील पेशींनी स्वतःमधील ठरावीक रेणवीय यंत्रणेद्वारे घडवून आणलेला स्वतःचा नाश होय. भ्रूणावस्थेत ही प्रक्रिया हृदयाला योग्य रचना देते. प्रौढावस्थेत मात्र ती अनेक हृदयविकारांचे कारण ठरते.

संज्ञा व यंत्रणा

या प्रक्रियेचा सर्वाधिक अभ्यासलेला प्रकार ॲपॉप्टोसिस हा आहे. ही संज्ञा जॉन केर, अँड्र्यू वायली व ॲलिस्टर करी यांनी १९७२ मध्ये मांडली. यात कॅस्पेज नावाची विकरे पेशीतील प्रथिनांचे विच्छेदन करतात. पेशी आकसते, तिचे आवरणयुक्त तुकडे होतात व इतर पेशी ते गिळून टाकतात. त्यामुळे सहसा शोथ (दाह) निर्माण होत नाही. नेक्रॉप्टोसिस या दुसऱ्या प्रकारात पेशीपटल फुटते व शोथ उद्भवतो.

विकासातील भूमिका

भ्रूणाच्या हृदयातून रक्त बाहेर नेणारा मार्ग सुरुवातीला एकच असतो. कोंबडीच्या भ्रूणात या मार्गातील स्नायुपेशी ठरावीक काळात मरतात. त्यामुळे मार्ग आखूड होऊन वळतो. परिणामी महारोहिणी डाव्या निलयाशी (जवनिकेशी) व फुप्फुस धमनी उजव्या निलयाशी जोडली जाते. प्रयोगात हा पेशीमृत्यू रोखल्यास दोन्ही वाहिन्या उजव्या निलयातूनच निघण्याचा दोष आढळतो.

रोगांतील भूमिका

हृदयविकाराच्या झटक्यात प्राणवायूअभावी स्नायुपेशी मरतात. रक्तपुरवठा पूर्ववत करणे हाच मुख्य उपचार असला, तरी रक्त परतताना तंतुकणिकांच्या पटलातील छिद्रे उघडून आणखी पेशी नष्ट होऊ शकतात. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील औषधामुळेही हृदयपेशींचा मृत्यू होतो.

प्रौढ मानवी हृदयाच्या स्नायुपेशींचे नूतनीकरण अत्यल्प असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन-१४ आधारित संशोधनानुसार ते वयाच्या २५व्या वर्षी वार्षिक सुमारे १ टक्का, तर ७५व्या वर्षी ०.४५ टक्के असते. म्हणून मंद गतीने, पण दीर्घकाळ चालणारा पेशीमृत्यूही हृदय निकामी होण्यास हातभार लावतो.

उपचारांचे प्रयत्न

तंतुकणिकांतील छिद्रे उघडण्यास प्रतिबंध करणाऱ्या सायक्लोस्पोरिनची मोठी वैद्यकीय चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत झटका आलेल्या रुग्णांना अपेक्षित लाभ दिसला नाही. पेशीमृत्यूचे अनेक मार्ग परस्परांशी जोडलेले असल्याने एकच मार्ग रोखणे बहुधा अपुरे ठरते. शिवाय हीच यंत्रणा शरीरात कर्करोगालाही आळा घालत असल्याने ती दीर्घकाळ दडपणे धोक्याचे ठरू शकते.