हबशांचीं थडगीं व त्यांवरील नांवें

खारेपाटण येथें सांपडलेला शिलाहार रट्टराजाचा शके ९३० (इ. स. १००८) चा ताम्रपट अभ्यासकांस परिचित आहे. द्वीपांतराहून येणाऱ्या गलबतांवरील सुवर्णगद्याणाचें उत्पन्न त्यांत अव्वेश्वराच्या पूजेअर्चेसाठीं लावून दिलें असून, त्यासोबत दासींचीं व तेली, माळी, कुंभार, परीट यांचीं घराणींही दिलीं आहेत. दात्याची वंशावळ सविस्तर आहे. दिलेल्या माणसांची ओळख मात्र कामावरूनच होते. पुढें समुद्रापलीकडून विकून आणलेल्या हबशांचा इतिहास शोधतांना हीच अडचण पुन्हा उभी राहते.

मलिक अंबर इ. स. १६२६ त वारला. त्याचें थडगें खुलताबादेस आहे. ‘अंबर’ म्हणजे एक सुगंधी द्रव्य. काफूर, याकूत, जौहर अशीं सुगंधांचीं व रत्नांचीं नांवें गुलामांस ठेवण्याचा प्रघातच होता. त्याचें मूळचें ‘चापू’ हें नांव आपणांस कळतें तें थडग्यावरून नव्हे. इ. स. १६१७ त त्यास भेटलेला डच उदमी पीटर व्हॅन डेन ब्रुक यानें तें टिपून ठेविलें, व मोखा बंदरांत २० डुकाटांस तो विकला गेल्याचेंही लिहिलें.

मुरूडजवळील खोकरी येथें जंजिऱ्याच्या सिद्दी सिरूलखान, याकूतखान व खैरियतखान यांचे घुमट आहेत. याकूतखान ही औरंगजेबानें सिद्दी कासमास दिलेली पदवी. तात्पर्य, सत्ता मिळाली त्यांसही घुमटाखालीं धन्याची किंवा बादशहाची दिलेली नांवेंच मिळालीं. मग त्यांच्या आरमारांतील वल्हेकऱ्यांची व शिपायांची काय कथा!

तथापि दगड मुका असला तरी माती बोलते. मेक्सिकोंतील कांपेचे ह्या स्पॅनिश वसाहतींत इ. स. २००० मध्यें जुन्या चर्चलगतचें कबरस्तान उघडकीस आलें. तेथील दातांतील स्ट्रॉन्शियम तपासून कांहीं मृतांचा जन्म पश्चिम आफ्रिकेंतला असल्याचें इ. स. २००६ त सिद्ध करण्यांत आलें. गुलामांविषयींच्या कागदांत नसलेली जन्मभूमि अस्थींनीं सांगितली.

म्हणून आमची संग्राहकांस विनंती अशी कीं, किल्ल्यांच्या व खाड्यांच्या कांठच्या निर्लेख कबरींचीही जागा, संख्या व चतुःसीमा टिपून ठेवावी. आणि घरच्या दप्तरांत बटकी-गुलामांच्या खरेदीखतांचे कागद क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. घुमटांस जपणारे कोणी ना कोणी निघतात. ज्यांच्यावर दगडही नाहीं त्यांची नोंद आज न झाल्यास जागा नांगराखालीं वा इमारतीखालीं जाईल, आणि मग अस्थींस विचारण्याचीही सोय उरणार नाहीं.