दुधनीचा जलाशय
सिल्वासापासून सुमारे ४० किलोमीटरवर, सह्याद्रीच्या डोंगरांनी वेढलेल्या दरीत दुधनीचा विस्तीर्ण जलाशय आहे. हे नैसर्गिक सरोवर नव्हे. नाशिक जिल्ह्यात उगम पावून दमण येथे अरबी समुद्रास मिळणाऱ्या दमणगंगा नदीवर मधुबन धरण बांधल्यामुळे ही दरी जलमय झाली. धरणाचे पाणी गुजरात, दादरा-नगर हवेली व दमण येथील शेती, उद्योग आणि पिण्याच्या गरजा भागविते. पर्यटक येथे शिकाऱ्यांतून नौकाविहार करतात. काठावरील वारली, कोकणा आदी आदिवासींसाठी मात्र नाव ही मासेमारीची आणि पैलतीर गाठण्याची गरज आहे. आज रमणीय भासणाऱ्या या पाण्याखाली त्यांच्याच पूर्वजांनी कसलेली शेतजमीन आहे.