खपली गहू आणि काळा तांबेरा

खपली गहू : (ट्रिटिकम डायकॉकम, तृण कुल). महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात व तमिळनाडूत थोड्या क्षेत्रावर टिकून असलेला प्राचीन गहू. मळणी केली तरी याच्या दाण्यावरचे तूस सुटत नाही. ते कांडून काढावे लागते. आपल्याकडे तो खिरीचा आणि पुरणपोळीचा गहू म्हणून ओळखला जातो. वनस्पतिरोगतज्ज्ञांच्या लेखी मात्र तो काळा तांबेरा पारखण्याचे माप आणि प्रतिकारक जनुकांचा साठा आहे. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या अंगापुरतीच आहे.

काळा तांबेरा हा पक्सिनिया ग्रॅमिनिस या बुरशीमुळे होतो. खोडावर व पर्णकोषावर विटकरी रंगाचे लांबट फोड येतात. साल फाटून भुकटी बाहेर पडते. शेतातून फिरले तर ती कपड्यांना लागते. पीक पिकू लागले की फोड काळे पडतात. दाण्यात जायचा अन्नरस बुरशीच ओढून घेते आणि दाणा चिमतो. थंड देशांत दारुहळदीच्या कुळातली झुडपे या बुरशीचा दुसरा आश्रय असतात, म्हणून अमेरिकेत १९१८ पासून ती उपटून टाकण्याची मोहीम चालली. भारतात ही झुडपे निर्दोष असल्याचे आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी दाखवले. येथे बुरशी उन्हाळा काढते ती निलगिरी व पळणीच्या डोंगरांत, गव्हावरच, आणि हंगामात तिची बीजुके वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकतात. त्यामुळे काळा तांबेरा हे मुख्यतः दक्षिण व मध्य भारताचे दुखणे आहे. १९४६–४७ च्या साथीत मध्य भारतातला गहू मोठ्या प्रमाणावर बुडाला.

या बुरशीचे अनेक वंश असतात; डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एक वंश ज्या वाणाला झोडपतो त्याला दुसरा शिवतही नाही. ते ओळखण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठाचे स्टॅकमन व लेव्हिन यांनी १९२२ मध्ये १२ गव्हांचा संच ठरवला. त्यात मार्क्विस, कुबांका, आइनकॉर्न यांच्या पंगतीत ‘खपली’ याच नावाने आपला गहू आहे. पद्धत साधी आहे : कोवळ्या रोपांवर बीजुके शिंपडायची, रात्रभर ओलावा राखायचा आणि सुमारे दोन आठवड्यांनी पानांवरच्या खुणा वाचायच्या. लिटल क्लब या वाणावर भरदार फोड दिसतात; खपलीवर बहुतेक वंशांचे बारीक ठिपके आणि भोवती मेलेल्या पेशींचे कडे, एवढेच. हे कडे हाच प्रतिकार. ही बुरशी फक्त जिवंत पेशींवर जगते. रोपाने लागण झालेल्या पेशी स्वतःहून मारल्या की तिचा दाणापाणी तुटतो.

हा गुण साध्या गव्हात आणणे सोपे नव्हते. खपलीची गुणसूत्रे २८, साध्या गव्हाची ४२. संकराच्या पहिल्या पिढीत ३५ येतात, त्यांतील ७ विनाजोडीची, आणि बरीचशी झाडे वांझ निघतात. तरीही सिडनी विद्यापीठात वॉटरहाउस यांनी स्टाइनवेडेल या ऑस्ट्रेलियन गव्हाशी संकर साधून ‘खपस्टाइन’ हा वाण मिळवला. पुढे त्याच्या अभ्यासातून एसआर-१३ व एसआर-१४ ही जनुके वेगळी ओळखता आली. (एसआर हे काळ्या तांबेऱ्याच्या प्रतिकारक जनुकांचे सर्वमान्य संक्षिप्त रूप आहे.)

१९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या ‘यूजी ९९’ वंशाने राईकडून गव्हात आलेले आणि जगभर वापरले गेलेले एसआर-३१ निकामी केले. एसआर-१३ मात्र त्याच्यापुढे टिकले. हे जनुक ६ए गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे आणि उबदार हवेत अधिक चांगले काम करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील गटाने २०१७ मध्ये ते विलग केले. त्यापासून बनणारे प्रथिन बुरशीने पेशीत सोडलेल्या पदार्थाची चाहूल घेऊन पेशीला मरणाचा इशारा देते. बुरशीने तो पदार्थ बदलला की पहारा फुकट जातो. इथिओपियात एसआर-१३ ला दाद न देणारे वंश आढळले आहेत. त्यामुळे ‘खपलीला तांबेरा लागतच नाही’ ही दुकानदारी जाहिरात अतिशयोक्तच म्हणावी लागेल. एका जनुकावर विसंबण्यापेक्षा दोन-तीन जनुके एकाच वाणात गुंफण्याकडे आता पैदासकारांचा कल आहे.

खपलीच्या जुन्या वाणांचा खरा दोष उंचीचा : खत-पाणी वाढवले की ते लोळतात. त्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा बुटका वाण एमएसीएस २९७१ आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे डीडीके १०२५ व डीडीके १०२९ हे वाण प्रसारित झाले आहेत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू तांबेरा संशोधन केंद्र महाबळेश्वर येथे असून गव्हाचे नवे वाण तांबेऱ्याला किती तोंड देतात याची पारख तेथे होते.