नवस कुणासाठी, कशासाठी?

नवस आणि उपास आपल्याला नवे नाहीत. आज ज्यू धर्मातल्या एका जुन्या व्रताविषयी बोलू या. त्याचं नाव नाझीर व्रत. बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकात त्याचे नियम आहेत. पुरुष असो की बाई, कुणालाही ते घेता येई. द्राक्षाची दारूच काय, मनुकाही खायची नाही. केस कापायचे नाहीत. मयताजवळ जायचं नाही, अगदी आईबाप गेले तरी.

पहिल्या शतकात, आजच्या उत्तर इराकमध्ये, आदियाबेने राज्याची राणी हेलेना ज्यू झाली. मुलगा लढाईवर गेला तेव्हा तिनं नवस बोलला, सुखरूप आला तर ७ वर्षं नाझीर राहीन. तो आला, तिनं व्रत पाळलं. मग जेरुसलेमला गेल्यावर हिल्लेलच्या शिष्यांनी सांगितलं, परमुलखातलं व्रत धरत नाहीत, पुन्हा ७ वर्षं पाळा. ती संपता संपता विटाळ झाला, आणखी ७ वर्षं! मिश्ना ग्रंथात ही २१ वर्षांची नोंद आहे. एक पंडित मात्र १४च म्हणतो.

याच हेलेनानं जेरुसलेमच्या दुष्काळात अलेक्झांड्रियाहून धान्य आणि सायप्रसहून सुके अंजीर आणवून वाटले.

व्रत संपलं की मंदिरात पापाबद्दल मेंढी अर्पण करावी लागे. व्रत करणाऱ्याचं पाप कसलं? पंडित एलाझार हकप्पार म्हणाले, जिवाला उगाच त्रास दिला, हेच पाप. दुसरे म्हणाले, छे, तो तर पवित्र. वाद मिटला नाही. मुख्य याजक शिमोनला असे नवस फारसे पटत नसत. पण एका मेंढपाळाचं त्यानं कौतुक केलं. पाण्यात स्वतःचे देखणे केस पाहून त्याला गर्व चढू लागला, म्हणून ते देवासाठी उतरवायचा नवस त्यानं केला होता. म्हणजे व्रतापेक्षा त्यामागचं मन पाहिलं.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोकही मुलासाठी असा नवस बोलत. मुलाचे केस काही वर्षं राखत आणि मग त्यांच्या वजनाइतकं सोनं-चांदी दान देत.

आमच्या बचत गटात ही गोष्ट निघाली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. रक्त कमी असूनही निर्जळी उपास धरणाऱ्या आमच्यातच होत्या. आम्ही व्रत सोडा म्हणत नाही. पण धरण्याआधी स्वतःला विचारू या: हे कशासाठी, आणि जिवाला झेपेल का?