मेल्टडाउन व स्पेक्टर

मेल्टडाउन व स्पेक्टर : संगणकाच्या प्रक्रियकाची गती वाढविण्यासाठी योजलेल्या अनुमानित अंमलबजावणीतून उद्भवलेले सुरक्षादोष. ते ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झाले.

प्रक्रियकाच्या मानाने मुख्य स्मृती फार मंद असते. तिच्याकडून एखादे मूल्य येईपर्यंत शेकडो आवर्तने वाया जाऊ शकतात. म्हणून अटीवर अवलंबून असलेली आज्ञा आली, की निकाल लागण्यापूर्वीच प्रक्रियक पूर्वानुभवावरून अंदाज बांधतो व पुढील आज्ञा अमलात आणू लागतो. अंदाज चुकल्यास ते काम रद्द होते. आज्ञांचा क्रम सोडून काम करण्याचे तंत्र आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ९१ (१९६७) मध्ये होते. इंटेलच्या पेंटियम प्रोने (१९९५) ते अनुमानासह वैयक्तिक संगणकांच्या घराण्यात आणले.

रद्द झालेले काम आज्ञावलीला दिसत नाही, एवढ्यावर अभिकल्पक समाधानी राहिले. परंतु त्या कामात वाचलेली माहिती कॅश या शीघ्र स्मृतीत तशीच राहते. समजा, निषिद्ध जागेतील एक बाइट अनुमानाने वाचला आणि त्याच्या मूल्यानुसार २५६ कप्प्यांपैकी एकाला स्पर्श केला. पुढे सर्व कप्पे वाचून वेळ मोजल्यास एकच कप्पा झटकन मिळतो व त्याचा क्रमांक हेच गुपित असते. येथे कोणतेही कुलूप फोडावे लागत नाही.

मेल्टडाउनमुळे सामान्य आज्ञावलीला संचालन प्रणालीच्या गाभ्याची स्मृती वाचता येई. तो मुख्यत्वे इंटेलच्या प्रक्रियकांत आढळला. स्पेक्टरमध्ये दुसऱ्या आज्ञावलीच्या अंदाजाला मुद्दाम चुकीचे वळण दिले जाते. इंटेल, एएमडी व एआरएम या तिन्हींच्या प्रक्रियकांना त्याची बाधा झाली. गूगलच्या यान हॉर्न यांनी हे दोष २०१७ मध्ये उत्पादकांना कळविले. ग्राट्स तंत्रविद्यापीठातील संशोधक, पॉल कोचर इत्यादींनीही ते स्वतंत्रपणे शोधले होते. वीस वर्षांहून अधिक काळ लपलेली गोष्ट एकाच सुमारास अनेकांना दिसावी, हे लक्षणीय आहे.

एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांचे काम चालविणाऱ्या संगणन केंद्रांना हा धोका विशेष होता. मेल्टडाउनवर गाभ्याची व वापरकर्त्याची स्मृतिकोष्टके वेगळी करण्याचा उपाय लिनक्स, विंडोज इ. प्रणालींत झाला, त्यामुळे काही कामे मंदावली. स्पेक्टरला मात्र असा एकच उपाय नाही, कारण अंदाज बांधणे सोडल्यास वेगही सोडावा लागतो. त्याच कुळातील फोरशॅडो (२०१८), रेटब्लीड (२०२२) व डाउनफॉल (२०२३) हे दोष पुढे उघडकीस आले.