वैयक्तिक माहिती नष्ट करण्याचे दायित्व (लघुव्यवसाय)

वैयक्तिक माहिती नष्ट करण्याचे दायित्व म्हणजे ग्राहकाने दिलेली माहिती तिचे प्रयोजन संपल्यावर किंवा ग्राहकाने संमती मागे घेतल्यावर पुसून टाकण्याचे व्यावसायिकावरील बंधन होय. भारतात हे बंधन डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत निवासगृहे, होम-स्टे, औषधविक्रेते, मोबाइल दुकाने व ऑनलाइन सेवा केंद्रे अशा लहान व्यवसायांशी त्याचा संबंध येतो.

पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य केले. अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. व्यावसायिकांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होण्याची तरतूद आहे.

व्याप्ती

अधिनियम डिजिटल स्वरूपातील तसेच कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. त्यामुळे केवळ वहीत असलेली ग्राहकाची नोंद त्याच्या कक्षेबाहेर राहते. मात्र त्याच पानाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवल्यास ते कक्षेत येऊ शकते. व्यवसाय लहान असल्यामुळे आपोआप सूट मिळत नाही. कलम १७ नुसार केंद्र सरकार नवउद्यमांसह काही वर्गांना अधिसूचनेद्वारे ठरावीक बंधनांतून वगळू शकते.

अंमलबजावणीचे स्वरूप

माहिती नष्ट करण्यासाठी ती कोठे आहे हे आधी ठाऊक असावे लागते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वाराजवळील निवासगृहाने पर्यटकाचे ओळखपत्र सफारीच्या आरक्षणासाठी मागवले, तर त्याची प्रत मालकाचा मोबाइल, ईमेल, संगणक आणि आरक्षण करणारा मध्यस्थ अशा अनेक ठिकाणी राहू शकते. कलम ८ नुसार व्यावसायिकाने स्वतःकडील माहिती नष्ट करावी आणि आपल्या वतीने ती हाताळणाऱ्यांकडूनही नष्ट करून घ्यावी, असे अपेक्षित आहे. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. संमतीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो.

जतन करावयाची माहिती

अन्य कायद्याने आवश्यक ठरवलेली माहिती ग्राहकाच्या मागणीवरूनही नष्ट करता येत नाही. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. परदेशी पाहुण्यांची माहिती निवासगृहांना शासनास कळवावी लागते. शिवाय २०२५ च्या नियमांनुसार ठरावीक शासकीय प्रयोजनांसाठी माहिती व तिच्या हाताळणीच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवणे आवश्यक आहे. त्यामुळे एकाच पाहुण्याच्या बाबतीत बिल जपणे आणि जाहिरातीसाठी ठेवलेला मोबाइल क्रमांक मुदतीनंतर काढून टाकणे, अशी दोन्ही कर्तव्ये एकत्र येतात.

तक्रार आणि दंड

ग्राहकाने प्रथम व्यावसायिकाकडे तक्रार करावी लागते. तिच्या निवारणाची कमाल मर्यादा ९० दिवस आहे. त्यानंतर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येते. हे मंडळ डिजिटल कार्यालय म्हणून काम करते. त्यामुळे भामरागड किंवा सिरोंचा येथील तक्रारदाराला दूरचा प्रवास करावा लागत नाही, पण इंटरनेट जोडणी आवश्यक ठरते. माहितीच्या सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत, तर माहिती नष्ट न करण्यासारख्या इतर उल्लंघनांसाठी ५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कमाल मर्यादा असून रक्कम ठरवताना उल्लंघनाचे गांभीर्य व दंडाचा संबंधितावर होणारा संभाव्य परिणाम विचारात घेतला जातो.

विश्वासाने दिलेली माहिती बेकायदेशीररीत्या इतरांना देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तिच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.